नेफ्यातली नाडी: डॉ. शिरोडकर आणि त्यांचा टाका

“सुनेला टाका घातलाय, त्यामुळे लग्नाला आम्ही दोघंच येऊ.” फोनवर कुणी असं सांगितलं की ऐकणारी बाई ‘कसला टाका’ म्हणून विचारत नाही. हात कापला होता का, पोटाचं ऑपरेशन झालं का, हे प्रश्न तिच्या मनातही येत नाहीत. दिवस राहतात पण टिकत नाहीत म्हणून पिशवीच्या तोंडाला घालतात, तो टाका. दवाखान्याच्या कागदावर त्याला कुठे ‘ऑस टायटनिंग’ लिहिलेलं असतं, कुठे ‘सर्क्लाज’, आणि पुष्कळदा नुसतंच ‘शिरोडकर’. ‘उद्या सकाळी दोन शिरोडकर आहेत’ असं डॉक्टर एकमेकांना सांगतात तेव्हा कुणी पाहुणे यायचे नसतात. माणसाच्या नावाचं असं सामान्यनाम झालं की माणूस मागे राहतो. हा लेख त्या माणसाबद्दल आणि त्याच्या टाक्याबद्दल आहे. टाक्याबद्दल जरा जास्तच, कारण तो नीट समजला तर माणूसही कळतो.

विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ सालचा, गोव्यातल्या शिरोड्याचा. (मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडं वेगळं, ते वेंगुर्ल्याजवळचं. हे फोंडा तालुक्यातलं.) गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा. शाळा हुबळीला झाली, डॉक्टरकी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. १९२७ साली एम.डी., मग विलायतेला जाऊन १९३१ साली एफ.आर.सी.एस. परत आल्यावर जे.जे. रुग्णालयांच्या समूहात काम आणि ग्रँटमध्येच प्रसूतिशास्त्र आणि स्त्रीरोग या विषयांचं प्राध्यापकपद. इथपर्यंतची कहाणी त्या पिढीतल्या बऱ्याच हुशार डॉक्टरांची होती. शिरोडकरांचं नाव जगभर झालं ते पंचावन्नी उलटल्यावर, १९५५ साली मद्रासहून निघणाऱ्या ‘अँटिसेप्टिक’ नावाच्या मासिकात आलेल्या एका छोट्याशा लेखामुळे. विषय होता दुसऱ्या तिमाहीत पुन्हापुन्हा होणारे गर्भपात आणि त्यांवरची एक नवी शस्त्रक्रिया.

ती कशासाठी लागली हे कळायला आधी पिशवीच्या तोंडाशी जावं लागेल.

तोंड म्हणजे नेमकं काय

आपण ‘तोंड’ म्हणतो म्हणून डोळ्यांसमोर एक भोक येतं. प्रत्यक्षात ती तीन-चार सेंटिमीटर लांबीची जाड भिंतींची नळी असते. नळीचं खालचं टोक योनिमार्गात उघडतं, ते बाहेरचं तोंड. वरचं टोक गर्भाशयाच्या पोकळीत उघडतं, ते आतलं तोंड. खरी राखण या आतल्या तोंडाशी असते.

गर्भाशयाचा वरचा भाग मुख्यतः स्नायूंचा. कळा येतात त्या तिथून. खालची नळी मात्र बहुतांशी कोलॅजेनच्या चिवट धाग्यांची, तिच्यात स्नायू थोडेच. एक भाग ढकलणारा आणि एक भाग अडवणारा, अशी ही वाटणी आहे. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्गात एक खूण सांगतात: दिवस नसताना हे तोंड बोटाला नाकाच्या शेंड्यासारखं लागतं, आणि गरोदरपणात ओठासारखं. स्वतःच्या नाकाला आणि ओठाला हात लावून पाहिलंत तर फरक लगेच समजेल. मऊ झालं तरी ते मिटलेलंच असतं, आणि आत चिकट स्रावाचं बूच बसलेलं असतं.

सगळं रीतसर चाललं तर नवव्या महिन्यात आधी कळा सुरू होतात आणि मग तोंड उघडतं. लवकर होणाऱ्या गर्भपातातही बहुधा हाच क्रम असतो, आधी दुखतं आणि रक्त जातं, नंतर बाकीचं. पण काही स्त्रियांच्या बाबतीत क्रमच उलटा होतो. चौथा-पाचवा महिना चालू असतो, बाळ ठीक असतं, ठोके चांगले असतात. एक दिवस ओटीपोटात जड वाटतं, पांढरं जरा जास्त जातं, कंबर भरून येते. कळा अशा नाहीतच. मग अचानक पाणी जातं आणि थोड्याच वेळात बाळ बाहेर. पुष्कळदा जिवंत असतं, हलतही असतं. विसाव्या आठवड्याचं बाळ साधारण तीनशे ग्रॅमचं असतं आणि त्याची फुप्फुसं श्वास घेण्याजोगी झालेली नसतात, त्यामुळे पुढे काही करता येत नाही. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, बहुधा त्याच सुमाराला.

चौथ्या-पाचव्या महिन्यातच का, तर तोवर आतलं वजन नगण्य असतं. त्यानंतर बाळ, पाणी आणि वार यांचा भार भराभर वाढतो आणि तो थेट आतल्या तोंडावर येतो. तिथले धागे कमजोर असतील तर तोंड वरून खाली उघडत जातं. आज सोनोग्राफीच्या पडद्यावर हे दिसतं: आधी इंग्रजी ‘टी’सारखा दिसणारा आकार ‘वाय’ होतो, मग ‘व्ही’, मग ‘यू’. बाहेरचं टोक शेवटपर्यंत बंद असू शकतं. म्हणूनच नुसतं बाहेरून पाहणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं.

हे धागे कमजोर का होतात? कधी जन्मतःच तसे असतात. कधी आधीच्या बाळंतपणात तोंड फाटलेलं असतं, कधी क्युरेटिंग करताना ते जोराने ताणलं गेलेलं असतं, कधी कर्करोगाच्या शंकेने तिथला शंकूसारखा तुकडा काढलेला असतो. आणि खूप वेळा कारण सापडतच नाही.

विटा आणि गोळ्या

१९५५ च्या आधी अशा बाईसाठी काय होतं? एक म्हणजे खाट. तिच्या पायथ्याच्या दोन्ही पायांखाली विटा सरकवायच्या, म्हणजे डोकं खाली आणि पाय वर, आणि बाईने महिनोन् महिने तसंच पडून राहायचं. आमच्या आजीच्या बोलण्यात अशी एक शेजारीण यायची. तिच्या खाटेखाली किती विटा होत्या हे आजीला आठवायचं, तिचं नाव मात्र आठवत नसे. वजन उताराच्या उलट दिशेला गेलं की तोंडावरचा ताण कमी होईल, हा हिशेब वरवर पटणारा आहे. पण नुसत्या झोपून राहण्याने गर्भ टिकतात असं पुढे कधी दिसलं नाही. उलट, सतत पडून राहिल्याने पायांच्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

दुसरं म्हणजे हार्मोन. त्या काळी वारंवारच्या गर्भपाताचं खापर बहुधा हार्मोनच्या कमतरतेवर फुटायचं. अमेरिकेत डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन गरोदर बायकांना सर्रास दिलं जात होतं. १९५३ साली शिकागोत झालेल्या एका नीट आखलेल्या चाचणीत त्याचा काहीही उपयोग होत नसल्याचं दिसलं, तरी ते देणं चालूच राहिलं. १९७१ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की योनिमार्गाचा एक अतिशय दुर्मिळ कर्करोग झालेल्या तरुण मुलींपैकी बहुतेकींच्या आयांनी गरोदरपणात हे औषध घेतलं होतं. तेव्हा कुठे ते थांबलं.

या पार्श्वभूमीवर शिरोडकरांचा विचार पाहा. त्यांच्याकडे येणाऱ्या काही बायकांना विश्रांतीचा गुण येत नव्हता आणि हार्मोनचाही नाही. मग कदाचित दोष रसायनात नसेलच. दार लागत नसेल तर बिजागरी पाहायला हवी. औषधांच्या जमान्यात हा सुताराचा विचार होता.

हा विचार पहिल्यांदा त्यांनाच सुचला असं मात्र नाही. सैल तोंडाचा उल्लेख सतराव्या शतकातल्या इंग्रजी वैद्यकग्रंथातही आहे. १९५० साली लॅश आणि लॅश या अमेरिकी डॉक्टरांनी कमजोर भागाचा पाचरीसारखा तुकडा कापून तोंड पुन्हा शिवण्याची पद्धत सांगितली होती. पण ती दिवस नसताना करायची. शिरोडकरांनी शस्त्रक्रिया केली ती गर्भ पोटात असताना, भरल्या पिशवीच्या तोंडावर. त्या काळी कुठलाही प्रसूतितज्ज्ञ गरोदर बाईच्या त्या भागाला हात लावायला कचरायचा, कारण नुसत्या डिवचण्यानेही कळा सुरू होतील आणि जे टाळायचं तेच घडेल ही भीती. ती भीती अगदीच खोटीही नव्हती. म्हणूनच मला त्यांच्या टाक्यापेक्षाही त्यांनी कुणाला टाका घातला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांनी निवडलेल्या स्त्रियांचे आधी किमान चार गर्भ गेलेले होते. शिवाय पुन्हापुन्हा आतून तपासून, आतलं तोंड सैल होत चाललंय याची बोटाने खात्री पटेल तेव्हाच ते शस्त्रक्रिया करत. सोनोग्राफी नव्हतीच, ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांचा अल्ट्रासाउंडवरचा गाजलेला लेख यायला अजून तीन वर्षं होती. होती ती बाईने सांगितलेली हकिगत आणि डॉक्टरचं बोट.

टाका घालतात कसा

एक बटवा घ्या. त्याचं तोंड बंद करायच्या दोन रीती आहेत. कापडाच्या कडेने मोठा धावदोरा घालायचा, सुई आत-बाहेर, आत-बाहेर, आणि शेवटी दोन्ही टोकं ओढून गाठ मारायची. नाहीतर आधी कडेला नेफा शिवायचा आणि त्यातून नाडी ओवायची. पहिल्या रीतीत दोरा अर्धा बाहेर दिसतो. दुसरीत नाडी पूर्ण झाकलेली असते आणि हवी तेवढी वर बसवता येते. शिरोडकरांची पद्धत ही दुसरी, नेफ्यातल्या नाडीची.

अडचण एकच, आणि ती मोठी. आतलं तोंड वर असतं आणि त्याच्या पुढ्यात लघवीची पिशवी चिकटलेली असते. खालून धावदोरा घातला तर तो बाहेरच्या तोंडाजवळच बसतो, आणि मुख्य ढिलाई असते वर. म्हणून शिरोडकर पुढच्या बाजूने, जिथे योनीची त्वचा गर्भाशयाच्या तोंडावर वळते तिथे, आडवी चीर देत. तिथून लघवीची पिशवी हलकेच वर सारत. तशीच एक चीर मागच्या बाजूला. मग बाकदार, बोथट टोकाच्या, नेढं असलेल्या सुईने ती ‘नाडी’ पुढच्या चिरेतून मागच्या चिरेत, त्वचेखालून, एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने ओवून घेत. नाडी आतल्या तोंडाच्या पातळीवर गोल बसली की ती बेताने आवळून गाठ मारायची. फार आवळली तर तिथला रक्तपुरवठा तुटतो, सैल राहिली तर सगळा खटाटोप वाया. शेवटी दोन्ही चिरा शिवून टाकायच्या, की नाडी आत गडप.

आणि ही नाडी कशाची? शिरोडकरांनी बाईच्या स्वतःच्याच मांडीतून ती घेतली. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, त्वचेखाली, स्नायूंवर ताणून बसवलेला एक पांढराशुभ्र चिवट पडदा असतो, फॅशिया लाटा. त्याची फितीसारखी पट्टी कापून काढायची आणि तीच गर्भाशयाच्या तोंडाभोवती बांधायची. शरीराने ती परकी म्हणून झिडकारू नये, हा हेतू. मांडीला वेगळी जखम होते हा त्यातला तोटा. पुढे पॉलिएस्टरची विणलेली मर्सिलीन फीत हाताशी आली, पाच मिलिमीटर रुंदीची, आणि मांडी सुटली. फीतच का, साधा दोरा का नाही? बारीक दोरा ताणाखाली मऊ मांसात रुतत जातो, चीझ कापायच्या तारेसारखा. रुंद फितीचा दाब पसरतो.

१९५७ साली मेलबर्नच्या इयान मॅकडोनाल्ड यांनी सत्तर स्त्रियांवरचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यांची रीत पहिली, धावदोऱ्याची. चीर नाही, लघवीची पिशवी सारायची नाही. तोंडाच्या सभोवार चार-पाच ठिकाणी सुई घालून दोरा ओढायचा आणि गाठ मारायची. गाठ बाहेर दिसते, म्हणून काढायला सोपी. सोपेपणा नेहमीच जिंकतो, तसा इथेही जिंकला. आज बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात घातला जातो तो मॅकडोनाल्डचा टाका, आणि आपल्याकडे कित्येकदा कागदावर मात्र ‘शिरोडकर’ लिहिलेलं असतं. झेरॉक्स म्हणजे कुठल्याही यंत्रावरची प्रत, तसंच ते. ज्यांना स्वतःच्या कागदावरून नेमकं जाणून घ्यायचं असेल त्यांनी ‘गाठ बाहेर आहे की आत पुरलेली’ एवढंच डॉक्टरांना विचारावं. उत्तराचा उपयोग पुढे टाका काढताना होतो.

काढून टाकण्यापेक्षा धरून ठेवणं

शिरोडकरांना फक्त टाक्यापुरतं ओळखणं त्यांच्यावर अन्यायाचं आहे. ‘अंग बाहेर येणं’ या दुखण्यावरही त्यांनी बरंच काम केलं. गर्भाशय जागच्या जागी ठेवणारे बंध बाळंतपणांनी, कष्टांनी, कधी जन्मतःच ढिले पडतात आणि ते खाली घसरतं. पन्नाशीच्या बाईला हा त्रास झाला तर गर्भाशय काढून टाकणं हा एक सरळ मार्ग. पण बाई पंचविशीची असेल, अजून मूल हवं असेल तर?

तेव्हा अशा बाईसाठी मँचेस्टर पद्धतीची शस्त्रक्रिया प्रचलित होती. आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी ती सुरू केली आणि फोदरगिल यांनी सुधारली, म्हणून तिला फोदरगिलचं ऑपरेशनही म्हणतात. तीत गर्भाशय राहतं, पण लांबलेलं तोंड कापून टाकतात. आता वरचं सगळं आठवा. तोंडच कापलं तर पुढच्या गरोदरपणात अडवणार कोण? अशा बायकांना दिवस राहणं कठीण व्हायचं, आणि राहिलेच तर गर्भ पडण्याची किंवा बाळंतपण अडण्याची भीती. शिरोडकरांनी यात बदल केला तो असा की तोंड अजिबात कापायचं नाही. गर्भाशयाला मागे कण्याच्या तळाशी बांधणारे दोन बंध असतात, ते सोडवून पुढे आणायचे, तोंडाच्या पुढ्यात एकमेकांवर घेऊन शिवायचे, म्हणजे तोंड आपोआप वर आणि मागे ओढलं जातं. एकाच माणसाला हे दोन्ही सुचले, यात मला काही योगायोग दिसत नाही. ज्याने तोंडाची किंमत ओळखली तो ते कापणार कसं?

त्याच्याही पुढची त्यांची ‘स्लिंग’ शस्त्रक्रिया. मूल न झालेल्या तरुणीचं अंग खाली आलं तर तिचे स्वतःचे बंध मुळातच कमजोर असतात; तेच पुन्हा आवळून काय उपयोग? म्हणून बाहेरून नवी झोळी द्यायची. पोट उघडून फितीचा मधला भाग गर्भाशयाच्या मानेच्या मागच्या बाजूला शिवायचा आणि दोन्ही टोकं वर नेऊन माकडहाडाच्या वरच्या मोठ्या हाडाच्या, म्हणजे त्रिकास्थीच्या, पुढे आलेल्या कंगोऱ्यावरच्या भक्कम बंधाला बांधायची. उजवीकडची फीत सरळ जाते. डावीकडे मात्र मोठं आतडं आणि त्याच्या रक्तवाहिन्या वाटेत येतात. आतड्यावर फितीचा फास बसला तर बाई वाचायची नाही. त्यावर शिरोडकरांनी काढलेली तोड मला त्यांच्या सगळ्या कामात सर्वांत देखणी वाटते. डावीकडची फीत आधी कमरेच्या सोआस स्नायूवर केलेल्या एका फाशातून काढायची, विहिरीच्या रहाटावरून दोर वळवावा तशी, आणि मग आतड्याला वळसा घालून हाडापर्यंत न्यायची. ही शस्त्रक्रिया कठीण आहे. म्हणूनच मुंबईच्याच डॉ. बी. एन. पुरंदरे यांची पोटाच्या भिंतीतल्या पडद्याची पट्टी वापरणारी सोपी पद्धतही बरोबरीने चालली. भारतातला स्त्रीरोगाचा प्रत्येक विद्यार्थी परीक्षेत या दोघांतला फरक लिहितो. आज दुर्बिणीतून जाळी बसवून गर्भाशय त्याच हाडाला टांगतात. साहित्य बदललं, खुंटी तीच.

बंद पडलेल्या गर्भनलिका उघडण्याच्या शस्त्रक्रियांमध्येही ते रमले. १९६० साली त्यांचं स्वतःच्या शस्त्रक्रियांवरचं इंग्रजी पुस्तक एडिंबरोहून प्रसिद्ध झालं, त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं. १९७१ साली पद्मविभूषण जाहीर झालं आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले.

मग टाका खरंच उपयोगी पडतो का?

शिरोडकरांच्या काळी आज आपण मागतो तसा पुरावा कुणी मागत नसे. बाईचे चार गर्भ गेले, टाका घातला, पाचवं मूल हाती आलं. याहून जास्त काय हवं? पण यात एक मेख आहे. पाचवं मूल टाक्याशिवायही राहिलं असतं का, हे त्या एका बाईवरून कधीच कळत नाही. त्यासाठी सारख्या स्त्रियांचे दोन गट करून, एकाला टाका घालून आणि दुसऱ्याला न घालता पाहावं लागतं.

अशी सर्वांत मोठी चाचणी ब्रिटनच्या पुढाकाराने अनेक देशांत झाली आणि १९९३ साली तिचे निष्कर्ष आले. एकूण १,२९२ स्त्रिया. टाका घालावा की नाही याबद्दल डॉक्टरांच्याच मनात शंका होती अशा. तेहतीस आठवड्यांच्या आत बाळंत झालेल्यांचं प्रमाण टाका घातलेल्या गटात १३ टक्के आणि न घातलेल्या गटात १७ टक्के. म्हणजे साधारण पंचवीस जणींना टाका घालावा तेव्हा एकीचं बाळंतपण त्यामुळे लांबतं. उरलेल्या चोवीस जणींना टाक्याने फरक पडला नाही. आकडा निराश करणारा वाटतो. पण त्याच चाचणीत, ज्यांचे आधी तीन किंवा जास्त गर्भ दुसऱ्या तिमाहीत गेले होते किंवा बाळंतपणं दिवस भरण्याआधी झाली होती अशा स्त्रियांचा आकडा वेगळा काढला, तेव्हा चित्र पालटलं: १५ टक्के विरुद्ध ३२ टक्के. जवळपास निम्म्यावर.

आता शिरोडकरांच्या पहिल्या स्त्रिया आठवा. किमान चार गर्भ गेलेल्या, आणि पुन्हापुन्हा तपासलेल्या. अडतीस वर्षांनंतरच्या चाचणीने ज्यांना खरा फायदा होतो असं सांगितलं, त्यांनाच त्यांनी टाका घातला होता. मधल्या काळात टाका सोपा झाला, आणि सोपा झाला म्हणून सढळ हाताने घातला जाऊ लागला. एक गर्भ गेला, घाला टाका. जुळी आहेत, घाला टाका. सासूबाईंचा आग्रह आहे, घाला टाका. जुळ्यांत तर नुसतं तोंड आखूड दिसतं म्हणून घातलेल्या टाक्याने फायदा झाल्याचं दिसत नाही, नुकसान होऊ शकतं.

आजची रीत साधारण अशी आहे. हकिगत ठळक असेल तर बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात, बाळाची पहिली सोनोग्राफी ठीक आल्यावर टाका. हकिगत अर्धवट असेल, म्हणजे आधी एखादं बाळंतपण फार लवकर झालेलं असेल, तर योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीने तोंडाची लांबी दर पंधरवड्याला मोजत राहायचं. चोवीस आठवड्यांच्या आत ती २५ मिलिमीटरच्या खाली आली तर टाक्याचा विचार. आधीचा काहीच इतिहास नाही आणि तोंड आखूड दिसलं, तर बहुधा प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन. कधी तोंड उघडून पाण्याची पिशवी खाली डोकावते तेव्हा तातडीचा टाका घालतात. त्यात यशाची खात्री फार कमी. आणि टाका निरुपद्रवी नसतो. त्याने संसर्ग होऊ शकतो, पाणी फुटू शकतं. ताप, घाण वासाचा स्राव, पाणी जाणं, कळा यांपैकी काहीही झालं तर ‘टाका आहे ना’ म्हणून घरी बसायचं नाही. टाका तसाच असताना कळा जोरात आल्या तर तोंड फाटू शकतं.

एक कबुलीही द्यायला हवी. नेफ्यातली नाडी वर बसते, म्हणून धावदोऱ्यापेक्षा सरस असावी असं तर्क सांगतो. पण ब्रिटनमध्ये ज्यांचा धावदोऱ्यासारखा खालचा टाका आधी निकामी ठरला होता अशा १११ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत योनिमार्गातून वर घातलेला टाका खालच्या टाक्यापेक्षा सरस ठरला नाही. पोटातून, अगदी मुळाशी घातलेला टाका मात्र दोन्हींपेक्षा स्पष्टपणे चांगला ठरला. टाक्याला कुठला दोरा, विणलेला की एकसरी, यावर २०२२ साली दोन हजारांहून जास्त स्त्रियांची चाचणी आली. गर्भ जाण्याच्या प्रमाणात फरक नाही. माझ्या मते याने शिरोडकरांचं मोठेपण कमी होत नाही. मुळाशी टाका हवा हे त्यांचंच म्हणणं होतं. फक्त तिथपर्यंत पोचायची चांगली वाट खालून नव्हती, वरून होती.

टाका काढतात छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात. मॅकडोनाल्डचा असेल तर बहुधा भूलही लागत नाही. गाठ चिमट्यात धरायची, दोऱ्याची एक बाजू कापायची आणि ओढायचं, दोन-चार मिनिटांचं काम. पुरलेल्या गाठीला थोडी खटपट लागते, आणि सिझेरियनच ठरलं असेल तर तो टाका कधीकधी पुढच्या खेपेसाठी तसाच ठेवतात. टाका काढायच्या दिवशी घरची मंडळी बॅग भरून येतात. दुपट्यासकट सगळं तयार, कारण दोरा कापला की बाळ लगेच येणार अशी सगळ्यांची समजूत. पुष्कळदा काहीच होत नाही. बाई चालत घरी जाते, एक आठवडा जातो, दुसरा जातो, फोनवर नातेवाईक विचारत राहतात. इतके महिने जे तोंड उघडेल म्हणून सगळे धास्तावले होते, तेच आता उघडावं म्हणून डॉक्टर तारीख देतात.